त्यागमूर्ती माता स्वरूपराणी

आई म्हटले की लेकरांसाठी झिजणारी मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. तीच माऊली वेळ आली की किती खंबीर होते, हे पाहायचे असेल तर पंडित जवाहरलाल नेहरूंच्या मातोश्री स्वरूपराणी यांचे जीवन आठवा.

१८६८ साली जन्मलेल्या स्वरूपराणी मोतीलालजींच्या वैभवशाली घरात सून म्हणून आल्या. स्वभाव श्रद्धाळू, प्रकृती मात्र नाजूक. जवाहरलाल, विजयालक्ष्मी आणि कृष्णा ही त्यांची मुले. मराठी घराण्यातले बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित हे त्यांचे जावई.

लखनौ शहराने त्यांची तीन वेळा परीक्षा घेतली. फेब्रुवारी १९३१ मध्ये आजारी मोतीलालजींना उपचारासाठी लखनौला नेले. ६ तारखेच्या सकाळी त्यांचा चेहरा शांत झाला. वडिलांना झोप लागली असे मुलाला वाटले. पण स्वरूपराणींनी क्षणात ओळखले की सारे संपले आहे.

पुढच्याच वर्षी दोन्ही मुली लखनौच्या तुरुंगात आणि मुलगा बरेलीच्या तुरुंगात होता. नाती आपल्या पुण्याच्या शाळेत होत्या. अशा वेळी ही वृद्ध माता घरात रडत बसली नाही. एप्रिल १९३२ मध्ये अलाहाबादच्या मिरवणुकीत ती पुढे होती. पोलिसांनी वाट अडवली, तेव्हा कोणीतरी तिच्यासाठी खुर्ची आणली. थोड्या वेळाने लाठीमार झाला. तिला खुर्चीवरून पाडले, डोक्यावर छड्यांचे घाव बसले. रक्तबंबाळ होऊन ती रस्त्यावर बेशुद्ध पडली. महिन्याभराने डोक्याला पट्टी बांधूनच ती मुलाला तुरुंगात भेटायला गेली. तक्रार नव्हती, स्वयंसेवकांबरोबर आपणही मार खाल्ला याचा अभिमान होता.

१९३३ मध्ये लखनौच्याच रुग्णालयात त्या अत्यवस्थ होत्या. त्यामुळे ३० ऑगस्टला जवाहरलालांची मुदतीआधी सुटका झाली आणि ते थेट आईच्या उशाशी आले. त्या आजारातून त्या उठल्या. १० जानेवारी १९३८ रोजी त्यांनी देह ठेवला. जन्मभर सोबत राहिलेली त्यांची बहीणही चोवीस तासांत गेली.

वाचकहो, स्वरूपराणींनी मायेचा त्याग केला नाही, ती माया वाढवत नेली. आपल्या मुलांबरोबर इतरांची मुलेही त्यांना आपली वाटू लागली, तेव्हा भीती आपोआप गळून पडली. आपल्या घरातली आई, आजीही अशीच आहे. तिच्या हळव्या मनाला दुबळे समजू नका. आज थोडा वेळ तिच्याजवळ बसा आणि तिने काय काय सोसले ते तिलाच विचारा.