विश्लेषण : मार्व्हलचे नायक ज्यांच्या पेन्सिलीतून उतरले, त्या जॅक कर्बींना स्वतःचीच चित्रे परत का मिळत नव्हती?

अ‍ॅव्हेंजर्स, एक्स-मेन, ब्लॅक पँथर, फँटॅस्टिक फोर... गेल्या दोन दशकांत या नावांनी जगभरातील चित्रपटगृहे भरली आणि अब्जावधी डॉलरची कमाई केली. यातील बहुतेक पात्रांना पहिल्यांदा कागदावर रूप दिले ते जॅक कर्बी या चित्रकाराने. सुमारे पाच दशकांच्या कारकीर्दीत त्यांची वीस हजारांहून अधिक पाने छापली गेली. आज ती जाडजूड संग्रहांच्या रूपात हौसेने विकत घेतली जातात. मात्र आपल्याच हाताने काढलेली मूळ पाने परत मिळवण्यासाठी कर्बी यांना उतारवयात झगडावे लागले. हा वाद नेमका काय होता आणि तो कसा मिटला?

जॅक कर्बी कोण होते?

त्यांचे मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. २८ ऑगस्ट १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार होते. दाटीवाटीच्या चाळवजा इमारती आणि गल्लीगल्लीतील पोरांच्या मारामाऱ्या यांत त्यांचे बालपण गेले. पुढे ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये आलेली ‘यान्सी स्ट्रीट’ ही याच भागातील डिलन्सी स्ट्रीटवरून सुचलेली. चित्रकला ते मुख्यतः स्वतःच शिकले. ‘पॉपाय’ची कार्टून बनवणाऱ्या फ्लाइशर स्टुडिओत त्यांनी काही काळ नोकरी केली. एका हालचालीपासून दुसऱ्या हालचालीपर्यंतची मधली चित्रे काढण्याचे ते काम होते. लवकरच ते कॉमिककडे वळले.

कॅप्टन अमेरिकाचा जन्म कसा झाला?

सहकारी जो सायमन यांच्यासह कर्बी यांनी टाइमली कॉमिक्ससाठी, म्हणजे आजच्या मार्व्हलच्या पूर्वसुरी कंपनीसाठी, ‘कॅप्टन अमेरिका’ घडवला. डिसेंबर १९४० मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा नायक थेट हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना दिसत होता. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. पर्ल हार्बरवरचा हल्ला वर्षभराने झाला. अंकाची विक्री दहा लाखांच्या आसपास गेली आणि अमेरिकेतील नाझी समर्थकांकडून धमक्याही आल्या. नफ्यातील ठरलेला वाटा मात्र आपल्याला पुरता मिळत नाही, असे या जोडीचे मत झाले. दहा अंकांनंतर ते बाहेर पडले आणि पात्र कंपनीकडेच राहिले. पुढे अनेकदा घडलेल्या प्रकाराची ही सुरुवात होती.

युद्धाचा त्यांच्यावर काय परिणाम झाला?

१९४३ मध्ये कर्बी सैन्यात भरती झाले आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उतरले. चित्रे काढता येतात म्हणून त्यांना टेहळणीसाठी पुढे पाठवले जाई. शत्रूच्या हद्दीजवळ जाऊन रेखाटने आणि नकाशे करायचे, हे सर्वांत धोक्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. त्या हिवाळ्यात हिमदंशाने त्यांचे पाय कापावे लागतात की काय, अशी वेळ आली होती. नंतर त्यांच्या चित्रांतील मारामारीला जे वजन आले, त्यामागे गल्लीतील आणि रणांगणावरील हा अनुभव होता. युद्धानंतर सायमन आणि कर्बी यांनी १९४७ मध्ये ‘यंग रोमान्स’ काढून प्रेमकथांच्या कॉमिकची लाट आणली. १९५४ नंतर कॉमिकवर आचारसंहितेची बंधने आली, धंदा बसला आणि कर्बी पुन्हा जुन्याच कंपनीच्या दारात आले.

‘मार्व्हल पद्धत’ म्हणजे काय?

१९६१ मध्ये संपादक-लेखक स्टॅन ली आणि कर्बी यांचे ‘फँटॅस्टिक फोर’ आले. पाठोपाठ हल्क, थॉर, एक्स-मेन, अ‍ॅव्हेंजर्स आणि १९६६ मध्ये अमेरिकी कॉमिकच्या मुख्य प्रवाहातील पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो ब्लॅक पँथर. केवळ ‘फँटॅस्टिक फोर’चे सलग १०२ अंक या जोडीने केले.

एवढे काम उरकले ते एका खास पद्धतीमुळे. लेखक पूर्ण संहिता देत नसे. कथेची ढोबळ चर्चा होई, मग चित्रकार पानापानावर प्रसंग रचून चित्रे काढी आणि संवाद शेवटी भरले जात. म्हणजेच कथेचा बराच भाग चित्रकारच रचत असे. लेखनाचे श्रेय आणि मानधन मात्र लेखकाला मिळे. ‘सिल्व्हर सर्फर’ हे याचे ठळक उदाहरण. हे पात्र ठरलेल्या कथेत नव्हतेच. कर्बी यांनी ते स्वतःहून चित्रांत आणले. १९६८ मध्ये त्या पात्राची स्वतंत्र मालिका निघाली, तेव्हा चित्रांचे काम दुसऱ्याकडे गेले. ही गोष्ट कर्बी यांच्या मनाला लागली.

त्यांच्या चित्रांत वेगळे काय होते?

कर्बी यांच्या पानावरची मूठ वाचकाच्या चेहऱ्यावर आल्यासारखी वाटते. जवळची वस्तू प्रचंड मोठी आणि मागची लहान दाखवून ते चौकटीत खोली निर्माण करत. दोन पानांवर पसरलेली भव्य दृश्ये, अजस्र यंत्रे आणि फोटोंच्या कात्रणांतून केलेली अंतराळदृश्ये ही त्यांची ओळख. स्फोट किंवा वैश्विक ऊर्जा दाखवण्यासाठी ते काळ्या ठिपक्यांचे पुंजके वापरत. या तंत्राला चाहत्यांनी त्यांचेच नाव दिले आहे. पेन्सिलीवर शाई चढवण्याचे काम इतरांचे असे. जो सिनॉट यांच्यासारख्या कसबी हाताखाली ही चित्रे खुलत, तर घाईत काम करणारे काही जण त्यातले तपशील चक्क खोडून टाकत.

मार्व्हल सोडून काय केले?

१९७० मध्ये कर्बी प्रतिस्पर्धी डीसीकडे गेले आणि ‘फोर्थ वर्ल्ड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या मालिका त्यांनी लिहिल्या आणि काढल्या. डार्कसाइड हा खलनायक इथलाच. मार्व्हलमधला थॅनोस जिम स्टार्लिन यांनी निर्माण केला, पण त्याच्यावरही या मालिकांची छाप आहे. या कथांना शेवट असावा आणि पुढे त्या पुस्तकरूपात एकत्र याव्यात, अशी कर्बी यांची कल्पना होती. पण १९७२ मध्ये मुख्य मालिका अर्ध्यावर बंद करण्यात आल्या. मार्व्हलकडे काही वर्षे परतून ते अखेर अ‍ॅनिमेशनमध्ये गेले. तिथे चांगला पगार होता आणि आरोग्य विमाही; कॉमिकमध्ये हे त्यांना कधी मिळाले नव्हते.

या काळातील एका कामाचा धागा भारतीय पुराणांशी जुळतो. रॉजर झेलाझ्नी यांच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ या विज्ञान कादंबरीत यम, ब्रह्मा, काली अशी नावे धारण केलेली माणसे दूरच्या ग्रहावर राज्य करतात. तिच्यावरच्या नियोजित चित्रपटासाठी कर्बी यांनी भव्य नेपथ्यचित्रे काढली. चित्रपट झाला नाही. पण १९८० मध्ये तेहरानमध्ये लपलेल्या सहा अमेरिकी दूतावास कर्मचाऱ्यांना सोडवण्यासाठी सीआयएने बनावट चित्रपटाचा जो बनाव रचला, त्यात हीच चित्रे वापरली. ‘आर्गो’ हा चित्रपट याच मोहिमेवर आहे.

मूळ चित्रांचा वाद काय होता?

कॉमिकचे पान आधी मोठ्या जाड कागदावर काढले जाते आणि त्यावरून छपाई होते. छपाईनंतर हे कागद कंपनीच्या गोदामात पडून राहत. काही वाटले गेले, काही चोरीला गेले. पुढे संग्राहक त्यांना मोठी किंमत देऊ लागले. ऐंशीच्या दशकात मार्व्हलने चित्रकारांना मूळ पाने परत देणे सुरू केले. इतरांसाठी एका पानाचे संमतिपत्र पुरेसे होते. कर्बी यांच्यापुढे मात्र चार पानांचे पत्र ठेवले गेले. कंपनीच्या हक्कांना कधीही आव्हान देणार नाही, असे त्यात लिहून द्यायचे होते. त्या बदल्यात देऊ केली होती अवघी ८८ पाने. त्यांनी मार्व्हलसाठी काढलेल्या पानांची संख्या दहा हजारांच्या घरात होती.

कर्बी यांनी सही केली नाही. फ्रँक मिलर, अ‍ॅलन मूर यांच्यासारखे कलावंत त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि सह्यांची मोहीम निघाली. अखेर १९८७ मध्ये मार्व्हलने साधे संमतिपत्र स्वीकारून सुमारे दोन हजार पाने परत केली. बाकीची कधीच मिळाली नाहीत. ६ फेब्रुवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात वयाच्या ७६ व्या वर्षी कर्बी यांचे निधन झाले.

वाद मिटला कसा?

अमेरिकी कायद्यानुसार जुन्या कृतींचे हक्क ठरावीक वर्षांनी कलावंताच्या वारसांना परत मागता येतात. मात्र कंपनीने मोबदला देऊन करवून घेतलेल्या कामाला ही तरतूद लागू नाही. २००९ मध्ये, डिस्नेने मार्व्हल विकत घेण्याचे जाहीर केले त्याच सुमारास, कर्बी यांच्या वारसांनी ४५ नोटिसा बजावल्या. पानामागे पैसे घेऊन केलेले काम कंपनीचे की कलावंताचे, हा प्रश्न न्यायालयात गेला. २०११ आणि २०१३ मध्ये निकाल मार्व्हलच्या बाजूने लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे येणार, त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. तिचे तपशील जाहीर झाले नाहीत. पण त्यानंतर मार्व्हलच्या कॉमिकमध्ये स्टॅन ली यांच्याबरोबर निर्माते म्हणून कर्बी यांचे नाव नियमाने छापले जाऊ लागले. २०१७ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, डिस्नेने त्यांना ‘डिस्ने लेजंड’ हा सन्मान दिला.

आता संग्रहांचे महत्त्व काय?

अर्धवट राहिलेले ‘फोर्थ वर्ल्ड’ २००७-०८ मध्ये डीसीने चार जाड खंडांत एकत्र छापले. पुस्तकाची जी कल्पना कर्बी यांनी १९७० मध्ये मांडली होती, ती त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी प्रत्यक्षात आली. मूळ पाने आज अनेक ठिकाणी विखुरली आहेत. त्यामुळे कोणते पात्र कुणी घडवले, हा वाद तपासायचा तर वाचकाला हे छापील खंडच उघडावे लागतात.