नान्सेन यांची करुणा आणि तिची मर्यादा

फ्रित्यॉफ नान्सेन हे नॉर्वेचे ध्रुवसंशोधक. १८९५ साली उत्तर ध्रुवाच्या दिशेने तोवर कोणी गेले नव्हते इतके ते पुढे गेले. परंतु त्यांची खरी थोरवी पहिल्या महायुद्धानंतर दिसली. राष्ट्रसंघाच्या वतीने त्यांनी ४ लाखांहून अधिक युद्धकैदी मायदेशी पोहोचविले. ज्यांना मायदेशच उरला नव्हता, अशा रशियन निर्वासितांसाठी १९२२ साली ‘नान्सेन पासपोर्ट’ निघाला. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी ग्रीस-तुर्कस्तान युद्धाने लाखो लोक निराधार झाले. त्यांच्या अन्न-निवाऱ्यासाठी झटतानाच नान्सेन यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा पुरस्कार केला. १९२३ च्या लोझान येथील कराराने ती सक्तीची झाली. निकष धर्माचा, भाषेचा नव्हे. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात परके ठरले. सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि साडेतीन लाखांवर मुसलमान आपल्या गावी परतण्याचा हक्क कायमचा गमावून बसले.

पुढचा रक्तपात कदाचित टळला असेल. पण ज्यांची घरे गेली त्यांना कोणी विचारले नाही. १९३० साली नान्सेन निवर्तले. त्यांच्या करुणेविषयी शंका नाही. तथापि दोन शेजाऱ्यांच्या भांडणात मध्यस्थाने सरकारांची सोय पाहिली, की तिची किंमत निर्वासितालाच मोजावी लागते, हेही त्यांच्याच चरित्रातून शिकावयाचे आहे.