शेठ वालचंद हिराचंद आणि सुट्या भागांचा ध्यास

सोलापूर म्हटले की गिरण्या, चादरी आणि सिद्धेश्वराची यात्रा आठवते; मोटारीचा कारखाना आठवत नाही. तो येथे झालाही नाही. परंतु मोटारगाडी भारतात नुसती जोडली न जाता घडवली जावी, हा ध्यास घेणारे शेठ वालचंद हिराचंद दोशी हे याच नगरीचे सुपुत्र होत. जुळे सोलापूरच्या वसाहतींतून यंत्र-अभियांत्रिकी शिकून वाहनांच्या सुट्या भागांचे आराखडे करू लागलेल्या तरुणांना त्यांचे नाव महाविद्यालयामुळे परिचित असते. कार्य मात्र क्वचितच ठाऊक असते.

दि. 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरातील एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेतील एक माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि तेथून त्यांचा मार्गच बदलला. पुढे बोरघाटातील बोगदे, 1919 मध्ये सिंदिया कंपनीचे जहाज, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही सारी त्यांच्या कर्तृत्वाची स्थाने सर्वश्रुत आहेत. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पदवीधरांना कामास लावण्याची दृष्टी होती.

मोटारीचा प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता. 1928 पासून मुंबईत जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना चालू होता, पाठोपाठ फोर्डही आली. गाडीचे भाग पेट्यांतून यावयाचे, येथे ते एकत्र बसवावयाचे. ज्ञान व नफा दोन्ही परदेशीच राहावयाचे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी देशी कारखान्याची योजना मांडली होती. ती उचलून धरून शेठजी 1939 मध्ये अमेरिकेस गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायसलरशी जमले. पण युद्धकाळात ब्रिटिश सरकारने या कारखान्यास साथ दिली नाही. वस्तुतः युद्धालाच वाहने हवी होती! त्याच काळात शेठजींनी 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. मोटारीला मात्र 1944 साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या.

खरे सांगावयाचे तर, त्या गाड्याही जोडलेल्याच होत्या. त्यांना स्वदेशी म्हणणे घाईचे झाले असते. खरा आरंभ 1949 मध्ये झाला. त्या वर्षी प्रीमियरने काही भाग येथेच बनविण्यास हात घातला. हे काम वाटते तितके सोपे नाही. एखादे दातेरी चक्र घ्यावे, तर पोलाद कोणते, त्याला पाणी किती द्यावे, दाताच्या मापात किती फरक चालेल, हे सारे ठरवावे लागते. नमुन्याचा जुना भाग समोर असला तरी तो झिजलेला असतो. त्याचे मूळ माप तर्काने शोधावे लागते. माप केसभर चुकले तर चक्र आवाज करते, तापते आणि तुटते. शिवाय ओतकाम करणारा, साचे बनविणारा, मापे तपासणारा असा कुशल वर्ग आधी उभा करावा लागतो. परदेशी पेट्या उघडून तो निर्माण होत नाही.

हे काम रांगेत लागत असतानाच, 1949 मध्ये, शेठजींना पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी ते व्यवसायातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. दि. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी, जकात आयोगाच्या अहवालानंतर, केंद्र सरकारने निर्णय घेतला की भारतात भाग बनविण्याचा कार्यक्रम असलेल्यांनाच मोटार उद्योगात राहता येईल. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले जुळणीचे कारखाने गुंडाळले. कुर्ल्याचा कारखाना राहिला आणि 1954 पासून तेथे फियाट 1100 तयार होऊ लागली.