भास्कराचार्यांची कवडी

रमजानात जकातीचा हिशेब घरोघरी होतो. साठवलेल्या रकमेचा चाळिसावा हिस्सा, गणित सोपे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका गणितज्ञाने मात्र दानाचा असा हिशेब घातला की भलेभले चक्रावतील. एका कंजुषाने याचकाला एका द्रम्माच्या निम्म्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाचा पाचवा भाग, त्याचा सोळावा आणि त्याचाही चौथा भाग दिला. दिले किती? सगळे अपूर्णांक गुणले की येतो 1280वा भाग. द्रम्माच्या कवड्याही 1280. म्हणजे एवढा घोळ घालून हातावर टेकवली एक कवडी!

ही थट्टा भास्कराचार्यांची. त्यांचा जन्म शके 1036, म्हणजे सन 1114चा. गाव सह्याद्रीच्या परिसरातले विज्जडविड. वडील महेश्वर हेच गुरू. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर ‘करणकुतूहल’ लिहिले.

अपूर्णांकात अपूर्णांक अडकलेले समीकरण पाहून आजही मुले वही मिटतात. ‘लीलावती’त तसेच एक आहे. एक संख्या पाचाने गुणा, गुणाकारातून त्याचाच तिसरा भाग वजा करा, उरेल त्याला दहाने भागा, मग मूळ संख्येचा तिसरा भाग, निम्मा भाग आणि चौथा भाग मिळवा. उत्तर 68. मूळ संख्या कोणती? भास्कराचार्य म्हणतात, कोणतीही एक संख्या धरून चला. समजा 3. पंधरातून पाच गेले, राहिले दहा. दहाने भागून एक. त्यात एक, दीड आणि पाऊण मिळवले की सव्वाचार, म्हणजे 17/4. हवे होते 68. तेव्हा 68 ला धरलेल्या तिनाने गुणा, झाले 204. त्याला 17/4 ने भागा. अपूर्णांकाने भागायचे तर तो उलटा करून गुणायचे. 204 गुणिले 4, भागिले 17. संख्या 48. ‘बीजगणिता’त हीच अज्ञात संख्या ‘यावत्तावत्’ होते आणि दोन्ही बाजूंचे छेद समान करून काढून टाकले जातात. शाळेतली आजची रीत हीच.

अकबराच्या हुकमावरून 1587 मध्ये फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली. घटिकापात्रात मोती पडून लीलावतीचा मुहूर्त टळल्याची, घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती आली फैजीच्या प्रस्तावनेतून. शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदीने ‘बीजगणित’ही फारसीत नेले. ताजमहालाचे स्थपती मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे त्याचे वडील, आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दारावर कोरलेला अताउल्ला तोच, असे मानतात.

इकडे भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथला शिलालेख शोधून उजेडात आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. काळाचौकीहून जवळच, राणीच्या बागेतले संग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, अशी त्यात नोंद आहे.