पत्र आलं की पोटात गोळा : टपाल बदलणारे शाळामास्तर रोलंड हिल



पार्सल वेळेवर आलं नाही की आपली केवढी चिडचिड होते! मोबाइलवर ‘पोहोचलं’ असा मेसेज येतो आणि दारात बघावं तर काहीच नाही. पण मुलांना एकदा असं विचारून बघा, की पत्र दारात आलं म्हणून कुणी रडेल का? इंग्लंडमध्ये एके काळी असं घडायचं. तिथं पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्यालाच द्यावे लागत. ही पद्धत मोडून काढली ती एका शाळामास्तरांनी. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव आलंच तर ‘तिकिटाचे जनक’ एवढ्या एका ओळीत येतं. त्यांची खरी गोष्ट त्याहून मोठी आहे.

रोलंड हिल यांचा जन्म ३ डिसेंबर १७९५ रोजी किडरमिन्स्टर या गावी झाला. वडील थॉमस हिल यांनी पुढे बर्मिंगहॅमला शाळा काढली. घरात मुलं बरीच, पैसा कमी. एक दिवस आईनं छोट्या रोलंडला जवळ घेऊन सांगितलं, की घरात एक शिलिंगसुद्धा नाही आणि अशात पोस्टमन एखादं पत्र घेऊन आला तर काय करायचं, याची तिला धास्ती वाटतेय. घरात जुन्या चिंध्या साठवून ठेवलेल्या असत, पांढऱ्या वेगळ्या आणि रंगीत वेगळ्या. त्या विकायला रोलंडच गेला आणि तीनेक शिलिंग घेऊन आला. ही आठवण त्यांनी म्हातारपणी सांगितली. म्हणजे ती किती खोल रुतली असेल बघा.

बाराव्या वर्षीच ते वडिलांच्या शाळेत शिकवू लागले. १८१९ मध्ये एजबॅस्टनला हेझलवूड नावाची शाळा सुरू झाली आणि ती या भावंडांनी गाजवली. तिथं छडी नव्हती. मुलांची स्वतःची समिती नियम करायची, मुलांचंच न्यायालय बसायचं. घंटेच्या ठोक्याला सगळं सुरू आणि घंटेच्याच ठोक्याला बंद. आपल्याला हे आज नवीन वाटतं, पण दोनशे वर्षांपूर्वी हे करून झालेलं आहे! १८२७ मध्ये लंडनजवळ टॉटनहॅमच्या ब्रूस कॅसलमध्ये शाळेची शाखा निघाली. ती वास्तू आजही आहे, तिथं आता संग्रहालय आहे. मला तर वाटतं, पुढे टपालखात्यात हिल यांनी जे केलं त्याची मुळं या शाळेतच आहेत. हिशेब नेमका हवा, वेळ पाळली गेली पाहिजे आणि नियम सगळ्यांना सारखा.

आता तेव्हाच्या टपालाची तऱ्हा ऐका. दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. एक कागद तर एक दर, दोन कागद तर दुप्पट. पाकीट घातलं तर तोही एक कागद! म्हणून लोक कागदालाच घडी घालून लाखेनं चिकटवायचे. आत किती कागद आहेत हे बघायला टपालातले कारकून पत्र दिव्यासमोर धरायचे. लंडनहून एडिंबरोला एका कागदाचं पत्र पाठवलं, तर घेणाऱ्याला सुमारे एक शिलिंग दीड पेनी मोजावे लागत. मजुराच्या घरात एवढे पैसे कुठून असणार? मग पत्र परत. ते नेण्याचा आणि आणण्याचा खर्च टपालखात्याच्या माथी. पोस्टमन दारोदार थांबून पैसे मागतोय, मोड देतोय, वही भरतोय, असा सगळा कारभार.

श्रीमंतांची मात्र सोय होती. पार्लमेंटच्या सभासदाची सही पाकिटावर असली की पत्र फुकट जायचं. त्यामुळे ओळखीपाळखीनं सह्या मिळवल्या जात. ज्यांची ओळख नव्हती ते दुसऱ्या वाटा शोधत. वर्तमानपत्रं टपालानं फुकट जायची, तेव्हा त्यातल्या अक्षरांवर सुईनं टोचून निरोप पाठवले जायचे. गाडीवानाच्या हातूनही चोरून पत्रं जात.

इथं एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. एका मुलीनं पाकिटावरच्या खुणा बघून पत्र परत केलं आणि ते पाहून हिल यांना तिकिटाची कल्पना सुचली, असं आपण वर्गात हमखास सांगतो. ही गोष्ट मुळात कवी कोलरिज यांची आहे. हिल यांच्या नावावर ती नंतर चिकटली. हिल यांना जे सुचलं ते आकडेमोड करून.

रॉबर्ट वॉलेस नावाचे पार्लमेंटचे सभासद टपालाच्या कारभारावर सतत टीका करत. त्यांनी हिल यांना सरकारी अहवालांचा ढीग पाठवला. हिल तोवर टपालखात्यात कधी नोकरीला नव्हते. पण मास्तरच ते, आकडे घेऊन बसले. लंडन ते एडिंबरो टपालगाडीचा एका फेरीचा खर्च काढला, त्यात किती पत्रं जातात ते पाहिलं आणि भागाकार केला. एका पत्राचा प्रत्यक्ष वाहतूक खर्च आला पेनीचा छत्तिसावा भाग. घेतले जात होते साडेतेरा पेनी. म्हणजे जवळजवळ पाचशे पट! (हे गणित सातवीच्या मुलांना जरूर द्या, अपूर्णांकाचा चांगला सराव होतो.)

खर्च अंतराचा नव्हताच. खर्च होता दर ठरवण्याचा, नोंदी करण्याचा, दारात पैसे गोळा करण्याचा. मग अंतर दरातून काढून टाका. अर्ध्या औंसापर्यंत देशात कुठंही एक पेनी, आणि पैसे आधीच भरायचे. १८३७ च्या सुरुवातीला त्यांनी ही योजना पुस्तिकेतून मांडली. टपालखात्यातल्या वरिष्ठांनी ती वेडेपणाची ठरवली. व्यापारी आणि सामान्य लोकांनी मात्र अर्जांवर अर्ज केले. शेवटी ऑगस्ट १८३९ मध्ये कायदा झाला. १० जानेवारी १८४० पासून एक पेनीचा दर लागू झाला, आणि सभासदांची ती फुकट सहीही बंद झाली. पैसे न भरता टाकलेल्या पत्राला दोन पेनी पडू लागले.

६ मे १८४० पासून काळं एक पेनीचं तिकीट वापरात आलं. त्यावर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा आहे, देशाचं नाव नाही. तेव्हा दुसऱ्या कुठल्या देशाचं असं तिकीटच नव्हतं, मग नाव कशाला? ब्रिटनच्या तिकिटावर आजही देशाचं नाव नसतं. गंमत म्हणजे हिल यांचा भरवसा तिकिटापेक्षा चित्रं असलेल्या छापील पाकिटांवर जास्त होता. लोकांनी त्या पाकिटांची इतकी टर उडवली, की ती मागे घ्यावी लागली. तिकिटावरचा लाल शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा वापरणारेही निघाले. म्हणून पुढच्याच वर्षी तिकीट लाल आणि शिक्का काळा झाला.

पत्रांची संख्या एका वर्षात दुपटीवर गेली. पण हिल यांनी सांगितलं होतं पाचपट होतील आणि उत्पन्न लवकरच भरून निघेल. तसं झालं नाही. निव्वळ उत्पन्न पूर्वीइतकं व्हायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. विरोधकांना हेच हवं होतं. १८४२ मध्ये त्यांना कामावरून दूर केलं गेलं. लोकांनी मग वर्गणी काढून त्यांना तेरा हजार पौंडांहून अधिक रक्कम दिली. चिंध्या विकून टपालाचे पैसे जमवणाऱ्या घरातला हा मुलगा! १८४६ मध्ये सरकार बदललं आणि ते टपालखात्यात आले, १८५४ मध्ये तिथले सचिव झाले. माणूस हट्टी होता, श्रेय वाटून घेणं त्यांना जमत नसे, हेही मुलांना सांगायला हरकत नाही. कादंबरीकार अँथनी ट्रोलप त्याच खात्यात नोकरीला होते, त्यांचं आणि हिल यांचं कधी पटलं नाही. २७ ऑगस्ट १८७९ रोजी हिल गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना जागा मिळाली. ब्रिटिश टपालाची पार्सलसेवा १८८३ मध्ये सुरू झाली, ती पाहायला ते नव्हते.

आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून हाच विचार आला. पाव तोळ्याचं पत्र, देशात कुठंही, अर्धा आणा. तिकीट न लावलेल्या पत्राला इथंही दुप्पट. आपले आजी-आजोबा ज्याला ‘नॉटपेड’ म्हणायचे तेच हे. मुलांना घरी विचारून यायला सांगा, कारण यात एक मजा सापडेल. काही लोक मुद्दाम तिकीट न लावता पत्र टाकायचे. पैसे वसूल करायचे असले की पोस्टमन पत्र नक्की आणून देतो, असा त्यांचा समज होता. आज ऑनलाइन वस्तू मागवताना कितीतरी घरांत अजूनही ‘हातात आल्यावर पैसे’ यावरच बोट पडतं. तुमच्या वर्गात कितीजणांच्या घरी असं होतं, ते फळ्यावर मोजून बघा.