डॉक्टर जॉन गोरी

उन्हाळ्यात तहानेने जीव व्याकूळ झाला, म्हणजे थंडगार पाण्याची गोडी कळते. आज कित्येक घरांत शीतकपाटे आहेत. काही शीतकपाटांच्या दारातील कोनाड्यात पेला धरून कळ दाबली, की गार पाणी किंवा बर्फाचे खडे आपोआप पेल्यात पडतात. परंतु माणसाला बर्फ तयार करणे सहजसाध्य नव्हते, असाही एक काळ होता. त्या काळी थंड प्रदेशांतील तळी हिवाळ्यात गोठली, म्हणजे त्यांवरील बर्फ करवतीने कापीत, लाकडाच्या भुशात झाकीत आणि जहाजांतून दूरदूरच्या देशांना पाठवीत. अमेरिकेतील असा बर्फ आपल्या मुंबई बंदरातही उतरत असे. बर्फासाठी माणसाला हिवाळ्याची आणि जहाजांची वाट पाहावी लागू नये, म्हणून ज्यांनी आपले सर्वस्व वेचले, त्या डॉक्टर जॉन गोरी यांची ही जीवनकथा आहे.

गोरी यांचा जन्म १८०३ साली झाला. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील फेअरफील्ड येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८३३ साली ते फ्लॉरिडा प्रांतातील अपलॅचिकोला या गावी आले. मेक्सिकोच्या आखातावरील हे लहानसे बंदर कापसाच्या व्यापारामुळे भरभराटीस आले होते. गोरी यांनी तेथे वैद्यकीचा व्यवसाय केलाच. शिवाय पोस्टमास्तर म्हणून काम पाहिले आणि नगराध्यक्षपदही भूषविले. गावाभोवतीच्या दलदली बुजवाव्यात, असा त्यांचा आग्रह असे.

१८४१ साली त्या गावात पीतज्वराची साथ आली. तापाने फणफणलेले रोगी दमट उकाड्यात तळमळत. त्यांचे हाल पाहून डॉक्टरांचे अंतःकरण कळवळे. रोग्याची खोली थंड ठेवली तर त्याला आराम पडेल, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी छताजवळ बर्फाचे भांडे टांगले. बर्फामुळे गार झालेली हवा जड होऊन खाली येई आणि रोग्याच्या अंगाला गारवा लागे. उपाय साधा होता. परंतु बर्फ उत्तरेकडून जहाजाने येई आणि तो महाग असे. जहाज वेळेवर आले नाही, तर रोग्यांनी काय करावे? बर्फ आपणच का तयार करू नये, हा विचार डॉक्टरांना स्वस्थ बसू देईना. अखेर १८४५ साली त्यांनी चालता व्यवसाय सोडला आणि प्रयोगांना वाहून घेतले.

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली, की ती तापते. ती तापलेली हवा दाबलेल्या स्थितीतच पाण्याने निववून मग पसरू दिली, तर ती अतिशय थंड होते व भोवतालची उष्णता शोषून घेते. याच तत्त्वावर गोरी यांनी आपले यंत्र रचले. पंपाने हवा दाबावी, पाण्याने निववावी आणि मग पसरू देऊन तिच्या योगाने मिठाचे पाणी गार करावे; त्या खाऱ्या पाण्याने वेढलेल्या भांड्यातील गोडे पाणी गोठून त्याचा बर्फ होई. ६ मे १८५१ रोजी अमेरिकेच्या सरकारने त्यांना या यंत्राचे पेटंट दिले. त्याचा क्रमांक ८०८० होता.

परंतु पेटंट मिळाले, तरी यश मिळाले नाही. बर्फ करणे हे ईश्वराचे काम. ते माणसाने करू पाहणे हा वेडेपणा होय, अशी वर्तमानपत्रांतून त्यांची थट्टा झाली. मोठे यंत्र उभारण्यासाठी भांडवल हवे होते. ते देणारा भागीदार मरण पावला. डॉक्टरांनी न्यू ऑर्लिन्सला जाऊन धनिकांची मनधरणी केली. पण कोणीही पैसा गुंतवावयास धजेना. निराश मनाने आणि खालावलेल्या प्रकृतीने ते घरी परतले. २९ जून १८५५ रोजी, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्या काळच्या अनेक वैद्यांप्रमाणे गोरी यांनाही दूषित हवेमुळे ताप येतो, असे वाटत होते. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हे पुढे १९०० साली प्रयोगांनी सिद्ध झाले. म्हणजे रोगाच्या कारणाविषयी त्यांचा समज चुकीचा होता. पण रोग्याला गारवा मिळावा ही त्यांची तळमळ खरी होती आणि यंत्रामागील विचारही खरा होता. आजच्या शीतकपाटांत हवेऐवजी दुसरे वायू खेळवितात. तरीही वायू दाबणे, निवविणे व पसरू देणे हा क्रम त्यांतही दिसून येतो.

ज्यांना लोकांनी वेडे ठरविले, त्यांचाच पुतळा फ्लॉरिडाने १९१४ साली वॉशिंग्टनमधील संसदभवनात मानाने उभारला. तो पाहण्यास डॉक्टर राहिले नव्हते. पण तापाने तळमळणाऱ्या रोग्याच्या कपाळावर आज आपण बर्फाची पिशवी ठेवतो, तेव्हा त्यांच्याच मनीची इच्छा पुरी होत असते.