लिंबोळीच्या कडूपणामागचा माणूस

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा आमच्या भागातला कडुनिंब फुलून आलेला असतो. पालखी चुन्याच्या रानात येते, भाविक चुनखडीचे खडे वेचतात आणि परतताना सावली सापडेल तिथे, बहुधा लिंबाखालीच, भाकरी सोडतात. (आमच्याकडे कडुनिंबाला नुसते लिंबच म्हणायचे.) डोक्यावर गळणाऱ्या त्या बारीक पांढऱ्या फुलांकडे कोणी बघत नाही. मृगाच्या आसपास त्यांच्या पिवळ्या लिंबोळ्या होतात आणि पोरांना त्या वेचायच्या कामाला लावले जाते. माझे वडील त्यांचा अर्क हरभऱ्यावर फवारत. पाच किलो कुटलेली बी रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचे पाणी घालून शंभर लिटर करायचे. झाला पाच टक्क्यांचा अर्क.

एका वर्षी मी शहाणपणा केला. अर्धवट वाळलेल्या लिंबोळ्या प्लॅस्टिकच्या पोत्यात भरून तोंड घट्ट शिवले. रब्बीत पोते उघडले तो आत बुरशी. तरी तशाच कुटल्या, फवारल्या, आणि घाटेअळीने हरभरा खाऊन टाकला. वडील मला काही बोलले नाहीत, हेच जास्त लागले. बी दिसायला तर तीच होती. मग आतले काय गेले, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून बसला. त्याच्या उत्तराचा माग काढता काढता मी एका माणसापाशी पोचलो. त्यांचे नाव सलीमुज्जमाँ सिद्दिकी.

सिद्दिकी यांचा जन्म 1897 सालचा, संयुक्त प्रांतातल्या बाराबंकी जिल्ह्यातील सुबेहा गावचा. अलीगढला ते शिकले ते तत्त्वज्ञान आणि फारसी. वैद्यक शिकावे म्हणून 1920 मध्ये लंडनला गेले आणि वर्षभरात ते सोडून जर्मनीतल्या फ्रांकफुर्टला रसायनशास्त्राकडे वळले. चित्रकलेचे वेड होतेच. कोळशाने चित्रे काढत, आणि 1924 मध्ये फ्रांकफुर्टलाच त्यांचे प्रदर्शनही भरले. आजच्या पालकांनी अशा मुलाला धरसोड्या म्हटले असते. 1927 मध्ये डॉक्टरेट घेऊन ते परतले.

परतल्यावर त्यांना हाताशी धरले हकीम अजमल खान यांनी. काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेला हा दिल्लीचा नामांकित हकीम. त्यांच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन 1921 मध्ये गांधीजींनी केले होते. आपल्या औषधी वनस्पती आधुनिक प्रयोगशाळेत तपासून घ्याव्यात, ही हकीमसाहेबांची इच्छा, आणि ते काम त्यांनी या तरुणावर सोपवले. 1927 च्या डिसेंबरात हकीमसाहेब वारले. शिष्याचे यश बघायला राहिले नाहीत. सिद्दिकींनी 1931 मध्ये सर्पगंधेच्या मुळीतून जी अल्कलॉइडे वेगळी केली, त्यांतल्या एकाला अजमलीन असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांची लय तपासताना डॉक्टर अजूनही ते वापरतात. गुरूचे असे स्मारक मला तरी दुसरे माहीत नाही. त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला, आणि तिच्यातले रेसरपीन 1952 मध्ये स्विस शास्त्रज्ञांनी काढले. ते सिद्दिकींच्या हातून निसटले होते.

1940 मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजे शांतिस्वरूप भटनागरांच्या हाताखाली आले. तिथेच त्यांनी लिंबोळीच्या तेलाला हात घातला. वेगवेगळे द्रावक एकामागून एक वापरून त्यांनी तेलातून तीन कडू पदार्थ वेगळे केले: निंबीन, निंबिनीन आणि निंबिडीन. हे काम 1942 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कडूपणाला पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द होता, तो एक पदार्थ नसून अनेक आहेत, हे तेव्हा दिसले.

पण माझ्या हरभऱ्याचा खरा राखणदार याही वेळी त्यांच्या हाती लागला नाही. ते औषध शोधत होते, कीटकनाशक नव्हे, आणि शोधत होते तेलात. तो पदार्थ तेल काढल्यावर बराचसा पेंडीत राहतो. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान यांनी 1962 मध्ये दाखवले की लिंबोळीचा गर पाण्यात कालवून फवारला तर टोळ त्या पिकाला तोंड लावत नाहीत. 1968 मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यातला अझाडिरॅक्टिन वेगळा केला. त्याची नेमकी रचना उलगडायला 1985 उजाडले आणि तो प्रयोगशाळेत बनवायला 2007. झाड मात्र दर उन्हाळ्यात तो बिनबोभाट बनवते.

1951 मध्ये लियाकत अली खान यांच्या बोलावण्यावरून सिद्दिकी पाकिस्तानात गेले. इथे दिल्लीत जे उभारले, तेच कराचीत पुन्हा पहिल्यापासून उभारले. तिकडच्या संशोधन परिषदेचे ते संस्थापक. 1961 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले. सरकारी निवृत्तीनंतर कराची विद्यापीठात त्यांनी नवी संस्था काढली आणि नव्वदीच्या घरात पोचेपर्यंत कडुनिंबावर काम चालू ठेवले. फाळणीने माणसे विभागली, लिंब दोन्हीकडे तोच राहिला. 14 एप्रिल 1994 रोजी ते कराचीत वारले. त्याच वर्षी युरोपात लिंबोळीच्या तेलापासून बनवलेल्या बुरशीनाशकावर एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकी कृषी खात्याला पेटंट मिळाले. ते 2000 मध्ये रद्द झाले, आणि 2005 मध्ये अपिलातही टिकले नाही. त्या लढाईत पुण्याच्या एका उद्योजकाने 1985-86 मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांत शेतात केलेल्या फवारण्यांची साक्ष उपयोगी पडली.

सिद्दिकी ज्या परिषदेत होते तिचीच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून पुण्यात आहे. तिथल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रश्नाची दुसरी बाजू धरली: लिंबोळीत काय आहे, याबरोबरच ते तिथे बनते कसे. झाडाच्या पानात, मुळीत, बीत जनुके तीच असतात. पण कुठले जनुक केव्हा जागे आहे, हे त्याच्या आरएनएवरून कळते. हा आरएनए इतका नाजूक की नमुना तोडल्याबरोबर उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. वाढत्या लिंबोळीच्या एकेका टप्प्यावर तो मोजत गेले, की स्क्वालीन नावाचा कच्चा माल बनवणारी जनुके कधी जोरात चालतात ते दिसते. या तीस कार्बनच्या साखळीपासून पुढे चार कार्बन गळून निंबीनसारखे पदार्थ होतात. वरच्या सालीत एक मेळ, आतल्या गरात दुसरा. अझाडिरॅक्टिन मुख्यत्वे गरात. त्याच्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या अजून सापडलेल्या नाहीत.

माझा हरभरा का गेला, ते मला असे उशिरा समजले. झाडाने गरात साठवलेला अझाडिरॅक्टिन ओल, बुरशी आणि ऊन यांनी मोडतो. आता पुतण्या लिंबोळ्या वेचतो, सालपट धुऊन बी सावलीत वाळवतो आणि गोणपाटात भरून आढ्याला टांगतो. मागच्या रब्बीत त्याने मला फोन करून विचारले, काका, पोत्याला भोके पाडू का? मी म्हटले, गोणपाटच आहे रे, कशाला पाडतोस.